साठ वॅट

गोव्यात कसली थंडी, असं विचारणारे
कळंगुटला उतरतात, अर्ध्या चड्डीत.
त्यांनी पौषात एकदा वाळपईला यावं,
चोर्ल्याच्या घाटातून वारा खाली येतो तेव्हा,
म्हादईवरचं धुकं नऊ वाजले तरी
काजूच्या मोहरावरून उठत नाही तेव्हा.

आमच्याकडे दोन बजी आहेत.
तीन होते.
तिसरा मागच्या जानेवारीत गेला.
खिडकीच्या फटीसमोर पिंजरा मीच टांगला होता,
हवा लागावी म्हणून.
लागली.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकणारा म्हणालेला,
राळं द्या, पाणी द्या, बाकी काही नाही.
बाकी बरंच असतं.
थंडी सोसतात ते, झोत सोसत नाहीत,
हे गुरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं,
एका गाभण गाईच्या पाठीवर हात ठेवून.

आता पिंजरा आतल्या भिंतीला.
तीन बाजूंनी संज्योतीची शाल,
चौथी बाजू मोकळी, श्वासासाठी.
आणि जाळीबाहेर, एकाच टोकाला, बल्ब,
म्हणजे नको झालं तर दुसऱ्या टोकाला सरकता येतं.

बल्ब मिळेना.
खात्याच्या योजनेत घरोघरी एलईडी वाटणारा मी,
पिवळे बल्ब गोणीत भरून आणणारा मी,
पिवळ्या बल्बसाठी वाळपईचा बाजार पालथा घालत होतो.
एलईडीवर हात धरला तर थंडच राहतो.
शेवटी शाबलो बोरकराच्या माळ्यावर एक निघाला, साठ वॅटचा.
पैसे घेईना. काय शिजवणार यावर, म्हणाला.
बिस्किटांच्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवला:
उजेड आत, ऊब बाहेर.
पाखरांना झोपही हवी असते.

परवा रात्री दोनला
हिवऱ्याकडे किंदळाची फांदी तारांवर पडली,
सगळा फीडर गेला.
मी खांबावर, दयेश खाली बॅटरी धरून,
लोखंड असं की हातमोज्यातून दात लागावेत.
फोन खांदा आणि कानाच्या मध्ये.
"बल्ब गेला," संज्योती म्हणाली. "चुलीपाशी नेऊ?"
"नको, धूर. त्यांची फुप्फुसं वेलचीच्या दाण्याएवढी.
बाटलीत ऊन पाणी भर, वर माझा मोजा चढव."
"मोजे तुमच्या पायात आहेत."
"दुसरे?"
"फाटके."
"चालतील."

मग बराच वेळ नुसतं भांड्यांचं वाजणं.

"फुगून बसलेत हो दोघं. कापसाच्या बोंडासारखे."
माझा पाना हातातून सुटता सुटता राहिला.
"एका पायावर बसलेत की दोन?"
"कोणाचे पाय?" खालून दयेश ओरडला.
त्याला काय सांगू.
एक पाय पिसांत ओढून, मान पाठीत खुपसून बसला
तर पाखरू झोपलेलं असतं.
फुगलेला, दोन्ही पाय दांडीवर, शेपूट खालीवर,
तर सकाळपर्यंत पाहायचं नसतं.
तिसरा तसा बसला होता. मला तेव्हा माहीत नव्हतं.

संज्योतीने मेणबत्ती लांबच धरली असणार.
वाकली असणार. तिचे गुडघे दुखतात.
"एका," ती म्हणाली.
"दोघेही?"
"दोघेही. तुम्ही खाली बघा आता."

साडेतीनला लाईन चार्ज केली.
हिवऱ्यात सतरा घरं, कुणी जागं नव्हतं,
एका अंगणातलं कुत्रं तेवढं भुंकलं उजेडावर.

घरी पोचलो तेव्हा पाच.
डबा तापलेला.
बाटली थंड, मोज्याच्या अंगठ्यातून
तिचं निळं झाकण बाहेर आलेलं.
शाल पिंजऱ्यावर होती.
संज्योती खुर्चीतच झोपलेली,
एक पाय पोटाशी घेऊन.

माझा स्वेटर दवाने ओला,
तिच्या अंगावर घालण्यासारखा नव्हता.
मी खिडकीची फट चाचपली,
तिच्यात कोंबलेलं वर्तमानपत्र आणखी आत रेटलं.

रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
आधी हिरवा बोलला.